ती मालवाहू बोट नव्हती

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पर्ल हार्बरवर, म्हणजे १९४१ मध्ये जपानने अमेरिकेच्या त्या नौदल तळावर केलेल्या हल्ल्यावर, आलेला लेख वाचला. मेहनतीने लिहिलाय, फोटोही चांगले निवडलेत. पण दुसऱ्या पानावर मधेच एक वाक्य आहे, की अ‍ॅरिझोना युद्धनौकेच्या बाजूला उभी असलेली एक मालवाहू बोटही आगीत सापडली. त्याच्या पुढच्याच ओळीत लेखक पुन्हा अ‍ॅरिझोनाकडे वळतात. त्या बोटीला नाव नाही, ती तिथे कशाला उभी होती ते नाही, पुढे तिचं काय झालं तेही नाही. मी ते वाक्य तीनदा वाचलं. बायको म्हणाली, "तुमच्या डॉकयार्डाचं काहीतरी आलेलं दिसतंय, चहा निवला तरी लक्ष नाही." तिचं बरोबर होतं.

ती बोट मालवाहू नव्हती. तिचं नाव वेस्टल, आणि ती अमेरिकी नौदलाचं दुरुस्ती जहाज होती. दुरुस्ती जहाज म्हणजे तरंगतं वर्कशॉप. फाउंड्री, लेथ, वेल्डिंग, बॉयलरची कामं, सुतारखाना, सगळं एकाच बोटीच्या पोटात. लेखकांची गल्लत कशामुळे झाली असेल तेही सांगतो. १९०९ साली ही बोट कामाला लागली ती आरमाराला कोळसा पुरवायला. पण १९१३ मध्ये बोस्टनच्या नौदल गोदीत तिचा कायापालट झाला, कोळशाच्या जागी यंत्रं आली, आणि त्यानंतर सेवेतून निवृत्त होईपर्यंत तेहतीस वर्षं तिने दुसऱ्यांच्या बोटी नीट करण्यापलीकडे काही केलं नाही. पहिल्या महायुद्धात ती आयर्लंडच्या क्वीन्सटाउन बंदरात विनाशिकांची कामं करत होती. म्हणजे पर्ल हार्बरच्या वेळी ती चांगली मुरलेली होती.

आता मला यात एवढं पडायचं कारण काय, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

मी फिटर. आता निवृत्त. १९७५ मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत अ‍ॅप्रेंटिस म्हणून लागलो. काळाचौकीच्या चाळीतून निघायचं, व्हीटीला उतरायचं आणि फोर्टातून चालत लायन गेट गाठायचं, हे पुढे चाळीस वर्षं चाललं. आम्हा पोरांना ज्यांच्या हाताखाली दिलं ते मिस्त्री मालवणचे. रागावले की मालवणी, खूश झाले तरी मालवणी. मराठी फक्त साहेब समोर असला की. एकदा आम्हाला ते आयएनएस दिल्लीवर घेऊन गेले. आताची दिल्ली नव्हे, ती माझगाव डॉकने बांधलेली. मी म्हणतोय ती जुनी क्रूझर, स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये इंग्रजांकडून आपल्याकडे आलेली. पंडित नेहरू १९५० साली इंडोनेशियाला गेले ते हिच्यावरून, आणि १९६१ मध्ये दीवच्या किनाऱ्यावर हिच्याच तोफा चालल्या. आम्ही चढलो तेव्हा म्हातारी झाली होती. रंगावर रंग चढून रिवेटची डोकी गुळगुळीत झाली होती.

मागच्या डेकवर मिस्त्री थांबले आणि म्हणाले, "हिचो एक दात पडलो हा. खंयचो, सांग बघू."

मला काही कळेना. मग त्यांनीच दाखवलं. पुढच्या बाजूला दोन-दोन तोफांचे दोन टरेट, म्हणजे तोफांचे फिरते बुरूज, एकावर एक चढवल्यासारखे होते. मागच्या बाजूलाही तसेच दोन हवेत. होता एकच, अगदी शेवटाकडचा. त्याच्या पुढचा, थोडा उंचावर बसायला हवा तो, गायब. आठ तोफांच्या बोटीवर सहाच तोफा. "कसा पडला?" म्हणून विचारलं तर म्हणाले, "लढाईत. तिचा नाव तेव्हा अकिलीस होता." त्यांना इतकंच ठाऊक होतं, आणि मलाही पुढची चाळीसेक वर्षं इतकंच ठाऊक होतं. ३० जून १९७८ ला दिल्ली सेवेतून निवृत्त झाली आणि इथेच मुंबईत मोडीत गेली. तिचा एक टरेट न्यूझीलंडला पाठवला, तो आजही ऑकलंडजवळ डेव्हनपोर्टच्या नौदल तळापाशी जपून ठेवलाय. आपण काय जपलं ते विचारू नका.

माझा भाचा मर्चंट नेव्हीत आहे. निवृत्तीनंतर मला वेळ खायला उठतो हे बघून त्याने जुन्या बोटींचे इतिहास छापून आणून दिले. डिक्शनरी शेजारी ठेवून मी ते वाचले. त्यात अकिलीसची हकीकत होती. न्यूझीलंडची क्रूझर. १३ डिसेंबर १९३९ ला दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ ग्राफ श्पे या जर्मन युद्धनौकेशी झालेल्या प्रसिद्ध लढाईत ती होती. पुढे त्या लढाईवर सिनेमा निघाला तेव्हा आपली दिल्ली त्यात स्वतःच्याच भूमिकेत उतरली. पण दात पडला तो तिथे नव्हे. ५ जानेवारी १९४३ ला ग्वाडलकनाल बेटाजवळ जपानी विमानाचा बॉम्ब तिच्या मागच्या टरेटवर बसला. तेरा खलाशी गेले. तशा अवस्थेत ती एस्पिरितु सांतो या बेटावर आली, आणि तिथे जिने तिला हात लावला त्या जहाजाचं नाव होतं वेस्टल.

ज्या बोटीवर मी पान्हा धरायला शिकलो, तिला त्या बेटावर सावरून पुढच्या प्रवासाला लावणारी ही बोट. तिला तुम्ही ‘एक मालवाहू बोट’ म्हणालात. आता कळलं असेल चहा का निवला.

७ डिसेंबर १९४१ च्या सकाळकडे येतो. वेस्टल अ‍ॅरिझोनाला चिकटून उभी होती ती योगायोगाने नव्हे. आदल्या दिवशी, शनिवारी, ती मुद्दाम तिथे बांधली होती. १२ तारखेपर्यंत अ‍ॅरिझोनाची डिफेक्ट लिस्ट, म्हणजे बिघाडांची यादी, संपवायची होती. रविवारी आठच्या सुमारास हल्ला झाला. वेस्टलवर विमानविरोधी तोफ होती, पण तीन गोळ्यांनंतर ती अडकली. दुरुस्ती जहाजाची तोफ अडकावी आणि तिच्यावरचे लोक ती सोडवत बसावेत, यावर आमच्या शॉपमध्ये महिनाभर विनोद चालले असते. पण सोडवायला सवडच मिळाली नाही. दोन बॉम्ब पडले. एक तीन डेक फोडून खाली सामानाच्या कोठीत फुटला. दुसरा मागच्या बाजूला सुतारखाना आणि पत्राकामाच्या शॉपमधून आरपार गेला आणि तळाला भोक पाडून गेला. म्हणजे घाव बसला तो नेमका वर्कशॉपवरच. मग अ‍ॅरिझोनाचं दारूगोळ्याचं कोठार उडालं. त्या एका युद्धनौकेवर ११७७ माणसं गेली. तो धक्का असा होता, की शेजारच्या वेस्टलच्या डेकवर उभी असलेली माणसं उचलून पाण्यात फेकली गेली. कॅप्टन कॅसिन यंग त्यातलेच एक.

इथे माणसाची परीक्षा असते. पाण्यावर तेल, तेलावर आग. वर बोटीवर कोणीतरी ‘जहाज सोडा’ असा हुकूम देऊन टाकला होता आणि लोक उतरायला लागले होते. यंग तेलाने माखलेले, पोहत परत आले, शिडीपाशी उभे राहिले आणि उतरणाऱ्यांना पुन्हा वर चढवलं. दोरखंड कुऱ्हाडीने तोडले. सुकाणू चालत नव्हतं, तरी इंजिन चालू झालं. एका टगबोटीने तिचं नाक ओढून बाजूला काढलं. त्या टगचा कप्तान काही महिन्यांपूर्वीपर्यंत वेस्टलवरच नोकरीला होता. जुन्या शॉपची माणसं अशी कुठे ना कुठे भेटतातच. थोड्या वेळाने कळलं की मागून पाणी भरतंय, बोट कलतेय. तेव्हा यंगनी तिला मुद्दाम उथळ पाण्यात नेऊन चढवलं. बुडू दिली नाही, रुतवली. यंगना त्यांच्या देशाचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. वर्षाच्या आत, १३ नोव्हेंबर १९४२ ला, सॅन फ्रान्सिस्को क्रूझरवर ते मारले गेले. आणि मार खाल्लेली ती सॅन फ्रान्सिस्को दुरुस्तीला कोणाकडे आली? वेस्टलकडे. ज्यांचा कॅप्टन त्या बोटीवर पडला, त्यांनीच त्या बोटीची भोकं बुजवली.

तर, वेस्टल रुतलेली. पर्ल हार्बरची गोदी मोठ्या युद्धनौकांच्या कामात गळ्यापर्यंत बुडालेली. हिच्याकडे बघायला कोणाला वेळ होणार? मग वेस्टलच्या लोकांनी स्वतःच पाणी उपसलं, तेल काढलं, पत्रे कापले, जोडले आणि आपली बोट आपण उभी केली. ऑगस्ट १९४२ मध्ये ती दक्षिण पॅसिफिकमधल्या टोंगाला निघाली.

आता दोन आकडे देतो. आकडे पाठ करायची सवय डॉकयार्डातली, कारण जॉब कार्डावरच आमची किंमत ठरायची. टोंगात साठ दिवसांत ५८ जहाजांवर ९६३ कामं. एस्पिरितु सांतोला पुढच्या बारा महिन्यांत २७९ जहाजांवर ५६०३ कामं. मी भागाकार करून पाहिला. दोन्हीकडे रोजची सरासरी पंधरा-सोळा निघते. वर्षभर, रविवार धरून.

वाचकांना वाटेल, एक काम म्हणजे काय, नट आवळला की झालं. म्हणून एकच काम जवळून दाखवतो. पंपाचं बेअरिंग. आतल्या बाजूला व्हाइट मेटल ओतलेलं असतं, मऊ, चांदीसारखं. शाफ्टला निळा रंग अगदी पातळ लावायचा, बोटाने, फडक्याने नव्हे. बेअरिंगमध्ये बसवायचा, हलकेच फिरवायचा, काढायचा. जिथे निळे ठिपके उमटतील तो उंचवटा. स्क्रेपरने तेवढाच ठिपका खरवडायचा. पुन्हा रंग, पुन्हा बसवणं, पुन्हा खरवडणं. अंगाला अंग सगळीकडे सारखं लागेपर्यंत हेच. माझं पहिलं बेअरिंग मी चौथ्या खेपेलाच "झालं" म्हणून मिस्त्रींपुढे धरलं. त्यांनी ते खिडकीच्या उजेडाकडे नेलं, तिरपं केलं आणि परत माझ्या हातात ठेवलं. "ह्यात तुझो आळस दिसता माका, तीन जाग्यार." मला एकही जागा दिसली नव्हती. त्या दिवशी जेवणाची सुट्टी बुडाली, पण तीनही जागा सापडल्या. बेअरिंग असं बसलं नाही तर तासाभरात तापतं, धातू वितळतो, शाफ्ट धरतो आणि ऐन वेळी पंप बंद. बोटीला आग लागली असेल तर त्या पंपावाचून पाणी कुठून आणणार?

हे आम्ही करायचो ते पक्क्या जमिनीवर. लेथ बसवताना लेव्हल ठेवून बुडबुडा मधोमध आणायचा, हा पहिला धडा. पाण्यावर तरंगणाऱ्या शॉपमध्ये त्या बुडबुड्याला काय अर्थ? तिथे सगळं एकमेकांच्या सरळ रेषेत जुळवायचं, बाहेरचं जग डुलत राहणार हे गृहीत धरून. वर उष्ण कटिबंधातला उन्हाळा, लोखंडी डेकखाली भट्टी. आमच्याकडे मे महिन्यात फाउंड्रीवाले दुपारी बाहेर येऊन भिंतीच्या सावलीला बसायचे. त्या लोकांना कसली भिंत आणि कसली सावली.

तरी काही कामं अशी, की वाचून मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. ऑक्टोबर १९४२ मध्ये सांताक्रूझ बेटांजवळच्या लढाईत हॉर्नेट बुडाली आणि दक्षिण पॅसिफिकमध्ये लढाईला हाताशी एकच अमेरिकी विमानवाहू नौका उरली, एंटरप्राइज. तिलाही बॉम्ब लागलेले. ती नूमेआ बंदरात आली. वेस्टलचे लोक तिच्यावर चढले. काम अर्धं असतानाच, ११ नोव्हेंबरला, निघायचा हुकूम आला. मग काय, दुरुस्तीवाले उतरलेच नाहीत! वेस्टलचे लोक आणि नौदलाच्या बांधकाम पथकातली माणसं वेल्डिंग करत करत लढाईला गेली. पुढची लिफ्ट, जी विमानं डेकवर आणते ती, वरच्या बाजूला अडकलेली होती. ती खाली घेऊन बघायची कोणाची छाती झाली नाही, कारण खाली गेली आणि वर आली नाही तर डेकला विहिरीएवढं भोक. आम्ही असल्या प्रसंगाला ‘चाललंय ते चालू दे’ म्हणतो. हे आळसाचं वाक्य वाटतं. पण कशाला हात लावायचा नाही, हे कळायला वीस वर्षं लागतात.

आणि १ फेब्रुवारी १९४४ ला वॉशिंग्टन आणि इंडियाना या दोन युद्धनौका अंधारात एकमेकींवर आदळल्या. वॉशिंग्टनचं नाक चेचलं. माजुरो बेटाच्या खाजणात वेस्टलने तिला तात्पुरतं नवं नाक बसवून दिलं, रात्रंदिवस खपून दहा दिवसांत. ना सुकी गोदी, ना डोक्यावर मोठी क्रेन. मी पुढच्या बाजूच्या पत्रेकामात थोडा खपलोय. दहा दिवसांत आमचं एस्टिमेटही मंजूर व्हायचं नाही.

शेवटची कामगिरी ओकिनावाजवळ केरामा रेत्तो बेटांमध्ये, १९४५ च्या उन्हाळ्यात. कामिकाझे, म्हणजे बोटींवर स्वतःला आदळून घेणाऱ्या जपानी विमानांनी फोडलेल्या विनाशिका तिथे ओढून आणायच्या आणि वेस्टलने त्यांना घरापर्यंत पोहोचण्याइतकं धड करून सोडायचं. वर विमानं येतच होती. युद्ध संपलं, १९४६ मध्ये तिचा झेंडा उतरला आणि १९५० मध्ये ती मोडीत गेली. कॅसिन यंग यांच्या नावाची विनाशिका मात्र आज बोस्टनच्या त्याच गोदीत संग्रहालय म्हणून उभी आहे, जिथे वेस्टलचा कारखाना बसवला होता. वेस्टलचं तिथे काही आहे का ते भाच्याला बघून यायला सांगितलंय, त्याची बोट तिकडे लागली तर.

मुंबईच्या वाचकांना अमेरिकेची बोट परकी वाटत असेल तर आपल्या बंदरातली एक सांगतो. पी अँड ओ कंपनीने १९२५ मध्ये लंडन-मुंबई टपालमार्गासाठी चार बहिणी बांधल्या: रांची, रणपुरा, रावळपिंडी आणि राजपुताना. गांधीजी १९३१ मध्ये गोलमेज परिषदेला मुंबईहून निघाले ते राजपुतानावरून, हे आपल्या पुरवणीत दर काही वर्षांनी येतंच. युद्ध लागल्यावर चौघींवर तोफा चढल्या. रावळपिंडी नोव्हेंबर १९३९ मध्ये दोन जर्मन युद्धनौकांसमोर एकटी उभी राहून बुडाली. राजपुताना एप्रिल १९४१ मध्ये पाणबुडीने बुडवली. त्या दोघींबद्दल लिहिलेलं सापडतं. रणपुराचं ब्रिटिश नौदलाने दुरुस्ती जहाज केलं. ज्या सलूनमध्ये साहेब लोक जेवले त्या बोटीत लेथ फिरायला लागले. पुढे ती वर्षानुवर्षं माल्टाला नौदलाच्या बोटी दुरुस्त करत राहिली आणि १९६१ मध्ये इटलीत मोडीत गेली. बुडाली नाही, म्हणून बातमी नाही.

अकिलीसचं एक राहिलं. एस्पिरितु सांतोहून निघाल्यावर ती पुढे इंग्लंडला पोर्ट्समथच्या गोदीत मोठ्या दुरुस्तीला गेली. तिथेच तो मोडका टरेट कायमचा उतरवला. तेव्हा, म्हणजे वेस्टलच्या हातचं काही दिल्लीवर मी पाहिलं असं म्हणणार नाही. ते ठिगळ पोर्ट्समथलाच निघालं असणार. पण २२ जून १९४३ ला त्या दुरुस्तीत, तळाच्या टाकीत स्फोट झाला आणि चौदा गोदी कामगार गेले. बॉम्बने तेरा, दुरुस्तीने चौदा. तळाच्या टाकीत मी अनेकदा उतरलोय. आत हवा आहे की नाही हे बघायला आमचे जुने लोक आधी दिवा खाली सोडायचे. मीटर वगैरे नंतर आले. मीटर आल्यावरही आत जाताना बाहेर एक माणूस उभा असायचा, दर पाच मिनिटांनी नाव घेऊन हाक मारणारा. मी अ‍ॅप्रेंटिस असताना ते काम माझ्याकडे होतं आणि ते मला फार कंटाळवाणं वाटायचं. एकदा हाक मारायला उशीर झाला तर आतून मिस्त्रींचाच आवाज आला, "मेल्या, मी मेलंय की नाय ता इचार तरी!"

असो. माझी मागणी साधी आहे. वर्तमानपत्रात चूक झाली की तुम्ही दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात ‘दुरुस्ती’ छापता. तशी एक छापा. ‘मालवाहू बोट’ या शब्दांऐवजी ‘वेस्टल हे दुरुस्ती जहाज’ असं वाचावं. एवढं पुरे.

पत्र फार लांबलंय याची कल्पना आहे. कापायचं झालंच तर रणपुरा कापा, बेअरिंगही कापा हवं तर. अकिलीसचं तेवढं राहू द्या, मिस्त्रींच्या घरची मंडळी तुमचंच वर्तमानपत्र घेतात.

आपला,
एक निवृत्त फिटर,
काळाचौकी, सध्या बदलापूर